लोण्यासारखा टॉवेल

"हा थेंब दिसतोय का तुला? का डोळे पण त्या फोनमध्येच ठेवून आलास?"

मालक बॉनेटवर बोट रोखून ओरडले. समोर त्यांचा मेहुणा हातात निळा टॉवेल घेऊन उभा होता आणि थेंब त्याला दिसत होता. एकच काय, चांगले शे-दीडशे दिसत होते. गाडी काळी होती आणि काळ्या रंगावर काहीच लपत नाही. ती काळीच घ्यायची हा मालकांचा हट्ट. शोरूममध्ये मालकीणबाई दोनदा म्हणाल्या होत्या, पांढरी घ्या, काळी सांभाळणं आपल्याच्यानं व्हायचं नाही. त्या तसं म्हणाल्या म्हणूनच मालकांनी काळी घेतली. त्यात घरचं पाणी बोअरचं. थेंब वाळला की मागे पांढरा गोल ठेवून जायचा आणि तो गोल मग नखानं खरवडला तरी हलायचा नाही. त्यामुळे गाडी धुतली की ती आपोआप वाळायच्या आत पुसून कोरडी करणं, हे त्या घरातलं नेहमीचं युद्ध होऊन बसलं होतं.

शहाणी माणसं गाडी धुवायला गडी ठेवतात आणि आपण सावलीत बसून चहा पितात. पण ज्याचा धंदाच धुण्याचा, तो दुसऱ्याच्या हातात पाइप कसा देईल? मालकांची लॉन्ड्री होती. घराच्या मागच्या शेडमध्ये धुवायची मोठी मशिनं, वाळवायचं एक, आणि इस्त्रीच्या टेबलांशी चार बायका. लोक त्यांना तोंडावर मालक म्हणत आणि पाठ वळली की 'इस्त्री' म्हणत. कारण हा माणूस सकाळी एकदा तापला की दिवे मालवेपर्यंत निवत नसे.

"दाजी, आठ दिवसांपूर्वी हाच टॉवेल होता," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, एक नंबर आहे."

"तेव्हा होता! आता बघ ना! पाणी टिपतोय का हा? इकडचं पाणी तिकडे नेऊन सोडतोय नुसता. डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय तुझ्या."

"डुप्लिकेट असता तर पहिल्या दिवशी कसा टिपला असता?"

"पहिल्या दिवशी सगळेच चांगले वागतात. तू पण पहिल्या दिवशी या घरात चांगलाच वागला होतास."

मेहुण्यानं टॉवेल गाडीच्या टपावर आपटला. त्याचा राग खोटा नव्हता. जगातल्या कुठल्याही विषयावर चार व्हिडिओ बघून तो तज्ज्ञ होई, आणि गाडी पुसायच्या टॉवेलांवर तर त्यानं चाळीस बघितले होते. हा निळा टॉवेल खास गाडीसाठीच विणलेला होता. पहिल्या दिवशी त्यानं खरोखर कमाल केली होती. टपावरून एकदा ओढला की टप कोरडा. मालक इतके खूष झाले की त्यांनी मेहुण्याला आपण होऊन चहा विचारला. मग त्यांनी त्या टॉवेलचा यथासांग सन्मान करायचं ठरवलं. स्वतःच्या हातानं तो मशिनला लावला आणि त्यात सॉफ्टनर ओतला, नेहमीच्या दुप्पट.

सॉफ्टनर म्हणजे कपडे मऊ करायचं गुलाबी औषध. शेडच्या कोपऱ्यात त्याचं भलंमोठं पिंप होतं आणि मालकांची सगळी इभ्रत त्या पिंपात होती. लॉन्ड्र्या गल्लोगल्ली आहेत, पण टॉवेल लोण्यासारखा मऊ करून द्यावा तर आपणच, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हाताखालची माणसं टोपणानं सॉफ्टनर घालत, मालक मगानं घालत.

निळ्याच्या आधी पिवळा झाला होता. पिवळ्याच्या आधी एक जाडजूड सुती टॉवेल, त्याच्या आधी एक महागडं मऊ चामडं. तेही धुऊन मऊ करून मालकांनी सुरकुत्या जाव्यात म्हणून इस्त्रीखाली घातलं, आणि ते आखडून पैशांच्या पाकिटाएवढं झालं. प्रत्येक टॉवेल पहिल्या दिवशी गुणी निघे आणि एका धुण्यात बिघडे. मालकांनी यावरून एकच निष्कर्ष काढला होता: हल्ली टॉवेल बनवणारे सगळे चोर आहेत.

आजचा राग मात्र रोजचा नव्हता. त्याच्या पोटात भीती होती, आणि घाबरलेल्या रागीट माणसासारखं वाईट दुसरं काही नाही. गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचे टॉवेल मालकांकडे धुवायला येत. निम्म्याहून जास्त लॉन्ड्री त्या एका गिऱ्हाइकावर चालायची. ते काम सुटलं तर चारातल्या दोन बायकांना घरी बसवावं लागलं असतं, आणि त्या दोघींना तसं सांगायचं कसं, या विचारानं मालकांना धड झोप लागली नव्हती. हॉटेलात टॉवेल-चादरींच्या विभागावर नवीन मॅडम आल्या होत्या. त्यांनी आल्याआल्या फोन केला होता, "तुमचे टॉवेल पाणी टिपत नाहीत."

"आमचा टॉवेल लोण्यासारखा असतो मॅडम!" मालक फोनवर गरजले होते. "तुमच्या पाहुण्यांना अंग पुसता येत नसेल तर त्याला मी काय करू? येऊन शिकवू का?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं होतं की त्या स्वतः लॉन्ड्री बघायला येतील आणि समाधान झालं नाही तर पुढच्या महिन्यापासून काम दुसरीकडे जाईल. तेव्हा मालक जरा नरमले आणि म्हणाले, मी गाडी घेऊन न्यायला येतो. डागाळलेल्या गाडीतून उतरणाऱ्या लॉन्ड्रीवाल्यावर कोण विश्वास ठेवील? गाडी चकचकीत हवी होती. दहाला हॉटेलच्या दारात पोचायचं होतं आणि साडेनऊ होत आले होते.

"अहो, तशीच न्या गाडी," व्हरांड्यातून मालकीणबाई म्हणाल्या. "मॅडम काय गाडी चाटून बघणार आहेत?"

"तू मध्ये बोलू नकोस. ही काळी गाडी आहे."

"ते तर मी घ्यायच्या आधीच सांगत होते."

मालकांनी हातातला पाइप असा काही आवळला की पाणीच बंद झालं. व्हरांड्यात खुर्चीवर बसून भाजी निवडणाऱ्या मालकांच्या आईनं सुनेकडे बघून मान हलवली. या घरात खरं बोलायची सोय नव्हती, आणि ही गोष्ट तिला सुनेच्याही आधीपासून माहीत होती.

"दाजी, एक आयडिया आहे," मेहुणा म्हणाला.

"नको."

"ऐका तर. आता टॉवेल जुना झाला. मोठमोठ्या ठिकाणी गाडीला हातच लावत नाहीत. हवेनं वाळवतात. व्हिडिओ बघितलाय मी."

घड्याळाकडे बघून मालक गप्प बसले आणि मेहुण्यानं ते गप्प बसणं होकार समजून घेतलं. इस्त्रीवाल्या बायकांसाठी शेडमध्ये एक उंच, दांडगा पंखा होता. तो त्यानं शेडच्या दारात ओढत आणला, तोंड गाडीकडे केलं आणि बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. पंख्याच्या मागेच एक पोतं होतं. वाळवायच्या मशिनमधून जो कापसासारखा भुसा निघतो, तो त्या पोत्यात साठवत. पोत्याचं तोंड उघडं होतं.

पंख्यानं आधी थोडी हवा फेकली आणि मग पोत्यातला सगळा भुसा ओढून फेकला. ओली गाडी बघता बघता पांढरी झाली. बॉनेट, टप, आरसे, काचा, सगळीकडे बोटभर लव फुटली. मालक गाडीजवळच उभे असल्यामुळे त्यांच्या मिशांवर आणि भुवयांवरही तीच लव बसली. त्यांना गप्प बघून आई घाबरून खुर्चीतून उठली.

"झाली बाई पांढरी एकदाची," मालकीणबाई म्हणाल्या.

मग मालक जे ओरडले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मेहुण्याच्या शिक्षणापासून सुरुवात झाली, त्याच्या आईवडिलांवरून ते फोनच्या कंपनीकडे वळले, पंखा बनवणाऱ्यांना धरलं आणि शेवटी पांढऱ्या गाड्या विकत घेणाऱ्या यच्चयावत माणसांना मूर्ख ठरवून थांबले. मध्ये पडायला धावावं लागलं तर कपडे जळू नयेत म्हणून शेडमधल्या बायकांनी इस्त्र्या उभ्या करून ठेवल्या.

"माझ्या आईवडिलांचं नाव घ्यायचं काम नाही हां दाजी!" मेहुणाही पेटला. "फुकट राबतोय मी इथे सकाळपासून!"

"राबतोयस? गाडीला दाढी फुटवलीस तू!"

"आणि तुम्ही काय केलंत? चार टॉवेल मातीत घातलेत!"

"मी? मी टॉवेल मातीत घातले? वीस वर्षं टॉवेल धुतोय मी! उभी हयात टॉवेलात गेली माझी!"

गाडी पुन्हा धुणं भाग होतं. मालकांनी पाइपनं भुसा काढला, साबण लावला, पुन्हा पाणी मारलं. आता ऊन चढलं होतं आणि पत्रा तापला होता, त्यामुळे पाणी पडलं की लगेच कडेनं वाळायला लागे. मालकीणबाईंनी फरशी पुसायचा रबरी वायपर पुढे केला. मालकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांच्या हातात झाडू देऊन देवळात जा म्हणालं होतं.

"अहो, मग पुसणार कशानं? सगळे टॉवेल तर चोरांनी बनवलेत."

यावर मालक एकदम थांबले. त्यांच्या डोळ्यांत एक भयंकर चमक आली.

"सगळे नाही," ते म्हणाले. "आत्ता दाखवतो तुम्हाला टॉवेल कशाला म्हणतात."

ते तरातरा शेडमध्ये गेले आणि हॉटेलचा गठ्ठाच उचलून घेऊन आले. पांढरेशुभ्र, घडी घातलेले, गुलाबी वासाचे टॉवेल, प्रत्येकाच्या कडेला हॉटेलचं निळं चिन्ह विणलेलं. आजच तो माल हॉटेलात जायचा होता. मॅडमना हाच गठ्ठा दाखवायचं ठरलं होतं.

"अहो, ते हॉटेलचे आहेत!" मालकीणबाई पायऱ्या उतरून धावल्या.

"म्हणूनच! ती बाई म्हणते टिपत नाही? माझा टॉवेल? बघा सगळेजण. आई, तू पण बघ. एका हातात गाडी कोरडी करतो."

रागाच्या भरात माणूस असला विचार करतो आणि त्या वेळी तो त्याला फार मुद्देसूद वाटतो. मालकांनी पहिला टॉवेल झटकून उघडला आणि बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. टॉवेल खरोखरच लोण्यासारखा होता. तो पाण्यावरून घसरत गेला आणि पाणी होतं तिथेच राहिलं.

"पहिला जरा तसा निघतो," मालक म्हणाले आणि त्यांनी दुसरा उघडला. दुसऱ्यानं पाणी बॉनेटवरून उचलून काचेवर नेलं. तिसऱ्यानं ते काचेवरून परत आणलं. चौथा मालकांनी दोन्ही हातांनी दाबून धरला, पाचव्याची घडी करून घासला, सहाव्यानं तर ते गाडीला मारायलाच लागले. एक टॉवेल पडला की तो पायाखाली चिखलात जाई. एक चाकाला लागला आणि काळा झाला. एकाला आरशाच्या खाचेतलं वंगण लागलं. मेहुणा फोन काढून हे टिपायला लागला होता, पण बहिणीनं डोळे वटारल्यावर त्यानं तो खिशात घातला.

"हा टॉवेल आहे की मेणकापड!" मालकांचा आवाज आता रस्त्याच्या पलीकडे जात होता. "पाणी टिपतच नाही! एक थेंब टिपत नाही! असल्या टॉवेलनं माणसानं अंग पुसायचं कसं? कोण धुतो हे टॉवेल? कोण गाढव धुतो, मला सांगा!"

"तेच विचारायला आलेय मी," फाटकातून एक आवाज आला.

फाटकात मॅडम उभ्या होत्या. दहापासून त्या हॉटेलच्या दारात गाडीची वाट बघत होत्या. शेवटी टॅक्सी करून आल्या होत्या, आणि उन्हामुळे म्हणा की वाट बघितल्यामुळे म्हणा, त्यांचा चेहरा मालकांपेक्षा कमी लाल नव्हता. त्यांनी चिखलातला एक टॉवेल दोन बोटांनी उचलला आणि त्याच्या कडेचं निळं चिन्ह बघितलं. मग गाडीच्या टपावर, बॉनेटवर आणि मालकांच्या खांद्यावर पसरलेली बाकीची निळी चिन्हं बघितली.

"आमच्या टॉवेलनं गाडी पुसता तुम्ही?"

"नाही मॅडम! पुसत नाही!" मालक म्हणाले. "म्हणजे, पुसायचा प्रयत्न करतोय. पण ते पुसतच नाहीत ना!"

"मग मी फोनवर काय वेगळं सांगत होते?"

जे बोलायचं ते सगळं मालकांनी स्वतःच, मोठ्यानं, साक्षीदारांसमोर बोलून टाकलं होतं.

मॅडमनी टॉवेल खाली टाकला. "ठीक आहे. बघायला आले होते ते बघितलं. पुढच्या महिन्यापासून माल दुसरीकडे जाईल." आणि त्या फाटकाकडे वळल्या.

शेडच्या दारात चारी बायका येऊन उभ्या होत्या. त्यातल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मालकीणबाईंनी ते बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांचा राग वर्षानुवर्षं साठलेला होता, पण आजवर त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. घरात जागा होती ती एका माणसाच्या रागापुरतीच.

"पुरे झालं!" त्या ओरडल्या. "बास! कोरडीच करायची आहे ना गाडी? ही घ्या!"

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मोरीपुढचं पायपुसणं उचलून घेऊन आल्या. मागे कधीतरी हॉटेलनं विरलेले टॉवेल टाकून दिले होते, त्यातला तो एक. त्याची कड उसवली होती, रंग गेला होता आणि मधोमध एक भोक होतं. त्यांनी तो दाणकन बॉनेटवर टाकला आणि ओढला. मागे काळीभोर, कोरडी ठणठणीत वाट उमटली. त्यांनी पुन्हा ओढला. मग टप, मग काच. चिडलेल्या बाईचा हात सपासप चालतो. थेंब म्हणून राहिला नाही.

मॅडम फाटकाशी थांबल्या होत्या. त्या परत आल्या आणि त्यांनी पायपुसणं उलटून बघितलं. कडेला हॉटेलचं निळं चिन्ह अजून दिसत होतं.

"हा आमचाच टॉवेल. हा कोण धुतो?"

"मी. पायपुसणं यांच्या मशिनमध्ये चालत नाही. कमीपणा येतो त्यांना."

"कशानं धुता?"

"साबणानं. आणखी कशानं धुणार?"

"सॉफ्टनर?"

"पायपुसण्याला?" मालकीणबाईंनी मालकांच्याच आवाजात विचारलं.

मॅडम मालकांकडे वळल्या. "धाग्यावर चिकट थर बसतो त्याचा. मग पाणी आत शिरतच नाही. किती घालता तुम्ही?"

शेडमधल्या एकीनं हातानं मगाचा आकार दाखवला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"खोटं आहे हे," मालक पुटपुटले, पण त्यांच्या आवाजातली धार गेली होती. "घरातले सगळे माझेच टॉवेल वापरतात. कुणी कधी काही बोललं नाही. आई, तू सांग यांना."

आईनं निवडलेली भाजी बाजूला ठेवली. "अरे बाळा, मी अंग पुसते माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं. तुझा टॉवेल नळाखाली धरून ओला करते आणि दोरीवर टाकते. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"काय?"

"मी पण," मालकीणबाई म्हणाल्या.

"मी तर घरूनच पुसून येतो," मेहुणा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मालक खाली पायरीवर बसले. त्यांच्या मिशीत अजून थोडा भुसा होता. टॉवेल बनवणारे चोर निघाले असते, मेहुणा मूर्ख निघाला असता, हॉटेलच्या पाहुण्यांना अंग पुसता येत नसतं, तर त्यांना चाललं असतं. पण ज्या मऊपणावर त्यांनी छाती फुगवली, त्याच्यापासून घरची माणसं इतकी वर्षं लपूनछपून अंग कोरडं करत होती, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाईट वाटलं.

मॅडमनी गाडीकडे बघितलं. ऊन पडलं होतं आणि गाडी लखलखत होती.

"आठ दिवस देते," त्या म्हणाल्या. "सॉफ्टनर बंद. आणि माल पाठवायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्यातला एक टॉवेल या गाडीवर फिरवायचा. काळी गाडी आहे, लपवाछपवी होणार नाही. एक थेंब राहिला तरी गठ्ठा परत मशिनला."

"फिरवतो मॅडम," मालक उठले.

"तुम्ही नाही. तुम्ही आपल्याच पोराचा पेपर तपासल्यासारखं कराल. या फिरवतील." आणि त्यांनी मालकीणबाईंकडे बोट केलं.

पुढचे दिवस त्या घराला कधी विसरता येणार नाहीत. वर्षानुवर्षांचा तो थर एका धुण्यात निघतो थोडाच! मालक गरम पाण्यात सोडा टाकून टॉवेल धूत, पुन्हा धूत आणि गठ्ठा घेऊन अंगणात येत. मेहुणा गाडीवर पाइपनं पाणी मारी. मालकीणबाई गठ्ठ्यातून वरचा टॉवेल कधीच घेत नसत. मधला ओढून काढत, बॉनेटवर फिरवत आणि खाली वाकून तिरप्या नजरेनं बघत.

"हा थेंब दिसतोय का? दिसतोय का तुम्हाला?"

"अगं, एवढासा आहे."

"एवढासा? पाहुण्याच्या पाठीवर राहिला म्हणजे कळेल एवढासा! न्या परत! सगळा गठ्ठा न्या!"

पहिले दोन दिवस मालक उलट ओरडले. पण परीक्षकाशी भांडून मार्क वाढत नाहीत, हे शाळेपासून सगळ्यांना माहीत असतं. तिसऱ्या दिवशी ते निमूटपणे गठ्ठा उचलून परत गेले. मालकीणबाईंचा आवाज मात्र रोज थोडा थोडा चढत गेला. त्या आता शेडमध्ये येऊन मशिनमध्ये डोकावत, साबण मोजायला लावत, पाणी गार का म्हणून विचारत. आईला भाजी बारीक निवडली नाही म्हणूनही एकदा ऐकून घ्यावं लागलं. मेहुण्यानं यायचं कमी केलं. शेडमधल्या बायकांनी चौथ्या दिवशीच मालकीणबाईंना पाठीमागे एक नाव ठेवलं, आणि ते मालकांच्या नावापेक्षा तापलेल्या वस्तूचं होतं. पण दिवस भरत आले तसे गठ्ठे पास व्हायला लागले आणि हॉटेलकडे रवाना व्हायला लागले.

त्यातल्याच एका सकाळी मालक अंघोळ करून बाहेर आले. मऊपणा गेलेला, जरा टोचणारा, नव्या रीतीनं धुतलेला टॉवेल त्यांनी पहिल्यांदाच अंगाला लावला होता. त्यांनी शर्ट घातला आणि शर्ट पाठीवरून सरळ खाली गेला. कुठे अडकला नाही, कुठे चिकटला नाही. मालक शर्टावर हात फिरवत जागच्या जागी उभे राहिले. घरातले बाकीचे लुगड्यानं पुसत होते, पण हा माणूस इमानदारीनं स्वतःचाच टॉवेल वापरत आला होता. म्हणजे वीस वर्षं रोज सकाळी ओल्या पाठीवर शर्ट ओढून, चिकटलेलं कापड ओरबाडून सोडवत त्यानं दिवसाला सुरुवात केली होती. अशा माणसानं दुसरं काय करायचं? ओरडायचंच.

ते येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "चहा छान झालाय."

आईनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मालकांनी तो उचलला आणि मऊ आवाजात म्हणाले, "नमस्कार, लॉन्ड्री."

"हॉटेलमधून बोलतेय," पलीकडून मॅडम म्हणाल्या. "या आठवड्यात टॉवेलांची एकही तक्रार नाही. काम तुमच्याकडेच ठेवायचं ठरलंय, पूर्ण वर्षासाठी."

"फार उपकार झाले मॅडम. आमच्याकडे इस्त्री करणाऱ्या दोघींची घरं वाचली. मला फार बरं वाटलं ऐकून."

पलीकडे मॅडमनी फिरवलेला नंबर पुन्हा एकदा बघितला.

"कोण बोलतंय?" मॅडमनी संशयानं विचारलं.

"मीच. मालक."

"चेष्टा नको. वर्षभराचं काम आहे, मी कुणाशीही बोलून पक्कं करणार नाही. मालकांना द्या. ते ओरडतात ना, ते."

मालकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात काळ्या गाडीपाशी मालकीणबाई हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. समोर मेहुणा पाइप धरून मान खाली घालून उभा होता, आणि त्यांचा आवाज बंद काचेतूनही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मालकांनी फोनवर हात ठेवला.

"अगं," त्यांनी हाक मारली, "तुझा फोन आहे."